‘ओस पडलेले कोकण’ : एका समीक्षकी सवयीविरुद्ध

कोकणातील साहित्यावरचा परिसंवाद असो की एम.ए.ची उत्तरपत्रिका, एक चित्र हमखास भेटते : दाराला कुलूप, अंगणात माजलेले गवत आणि वर्षातून एकदा गणपतीला उघडणारे घर. निष्कर्ष ठरलेला असतो : कोकण ओस पडले. मुरुडमधल्या विद्यार्थ्यांना आम्हीही वर्षानुवर्षे हेच शिकवत आलो. आता ते थांबवावे, असे आमचे मत आहे. हे चित्र खोटे नाही. ते अपुरे आहे आणि त्या अपुरेपणातून अन्याय होतो.

आधी आकडे पाहू. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच दशकात रायगडची मात्र चार लाखांहून अधिक वाढली. म्हणून मुरुड भरले काय? या वाढीचा मोठा वाटा पनवेलचा, म्हणजे पसरत्या मुंबईचा होता. जिल्ह्याच्या एका आकड्यात महानगर आणि किनाऱ्यावरची गावे एकत्र कोंबली जातात. ‘कोकण’ हा एकच शब्द वापरून समीक्षाही तेच करते.

दुसरे असे की, ओस पडले ते कोणाच्या दृष्टीने? २००१ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या. २०११ साली १,१२२. याचे प्रमुख कारण उघड आहे : पुरुष मुंबईला गेले, स्त्रिया मागे राहिल्या. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया पडला, तेव्हापासून १९८२च्या संपापर्यंत गिरणगावाला कोकणाने माणसे पुरवली. या चाकरमान्याला आपल्या साहित्यात चेहरा मिळाला, बोली मिळाली. मागे राहिलेलीच्या वाट्याला बहुधा वाट पाहणे आले. भाताची लावणी, सासूसासऱ्यांचे दुखणे, मुलांची शाळा, मनिऑर्डर उशिरा आली तर दुकानदाराची उधारी, हे सारे तिने निभावले. ती थांबली म्हणून तो जाऊ शकला. जिथे ती राबत होती त्या गावाला ‘ओस’ म्हणणे म्हणजे तिला माणसांत न धरणे होय.

तिसरा मुद्दा येणाऱ्यांचा. मुरुडच्या माणसाने तरी स्थलांतर म्हणजे केवळ गाव सोडणे असे मानू नये. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी जंजिऱ्यावर १९४८पर्यंत राज्य केले. याच किनाऱ्यावर बेने इस्रायली शतकानुशतके तेलाचे घाणे चालवत मराठी बोलत राहिले. १९४८नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले आणि तिथेही त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले. कोकणी साहित्याच्या आपल्या अभ्यासक्रमात हे मराठी कुठे आहे? आज कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमार नौकांवर नेपाळी खलाशी काम करतात. गेलेल्यांसाठी विरहगीत आणि आलेल्यांसाठी ‘बाहेरचे’ हा शेरा, अशी आपली वाटणी आहे. आपला चाकरमानीही मुंबईत एके काळी बाहेरचाच होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

यावर आक्षेप येईल की साहित्य म्हणजे जनगणना नव्हे. मान्य. पण २०२१ची जनगणना वेळेवर झालीच नाही. त्या वर्षांत कोण गेले, कोण आले, हे सांगणारे आकडे नसताना साहित्याची जबाबदारी वाढते. शिवाय हळहळ हा दृष्टिकोन नव्हे. हळहळीला कारणे लागत नाहीत. त्यामुळे शेती का परवडेना, गावात रोजगार का नाही, हे प्रश्न विचारायचेच राहून जातात आणि स्थलांतर हे नशीब ठरते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ‘कोकणी कादंबरीतील गावाचे विदारक चित्रण’ हा प्रश्न काही वर्षे बाजूला ठेवावा. विद्यार्थ्यांना स्वतःच्या घराबद्दल लिहू द्यावे : कोण गेले, कधी, कशासाठी, मागे घर कोणी चालवले, आणि शेजारच्या वाडीत नवे कोण राहायला आले. लेखन कच्चे असेल. पण कुलपाचे वर्णन करण्याआधी किल्ली कोणाकडे आहे, हे तरी त्यांना विचारावे लागेल.