शांतता कोणासाठी?

दौंड जंक्शनात मनमाड, सोलापूर, पुणे आणि बारामती येथून येणारे रूळ एकत्र मिळतात. तेथील मुलांना गाडीच्या खडखडाटाची ओळख करून द्यावयास नको. डब्यात बसून खिडकी लावली, की तो पुष्कळसा बाहेर राहतो. कारण भिंत जितकी जड, तितका ध्वनी आत कमी शिरतो.

विमानाला हा जडपणा परवडत नाही. भिंतीचे वजन दुप्पट केले, तरी आवाज सुमारे ६ डेसिबलच उतरतो. आणि वाढलेला प्रत्येक किलो उचलण्यासाठी इंधन जाळावे लागते. म्हणून बाहेरचा पत्रा व आतील आवरण यांमध्ये काचतंतूंच्या हलक्या गाद्या बसवितात. त्या उंच स्वर शोषून घेतात. बाहेर फिरणाऱ्या पंख्याची खर्जातील घरघर मात्र त्यांना फारशी जुमानीत नाही.

यावरची युक्ती मोठी मौजेची आहे. भीमेच्या संथ पाण्यात दोन खडे टाकून पाहा. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खोलगटात पडला, की तेथे पाणी सपाट राहते. ध्वनी ही हवेतील लाटच होय. मग घरघरीच्या नेमका उलट ध्वनी निर्माण केला, तर दोन्ही मिळून शांतता का होऊ नये? पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला या कल्पनेचे अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळाले; परंतु तितक्या चपळाईने हिशेब करणारी यंत्रे येण्यास अर्धशतक लोटावे लागले. १९९४ च्या सुमारास स्वीडनच्या साब कंपनीच्या पंख्याच्या विमानांत ही योजना आली. केबिनमधील मायक्रोफोन ऐकतात, संगणक हिशेब करतो आणि भिंतीआड दडविलेले लाउडस्पीकर उलट ध्वनी सोडतात.

ही हुशारी कौतुकास्पद खरी. तरी माझे समाधान होत नाही. ही शांतता तिकीट काढणाऱ्याचीच आहे. शिरूरहून पुण्यास जाताना शहर जवळ आले, की उजव्या हाताला लोहगावचा विमानतळ येतो. त्याच्या भोवती राहणाऱ्यांना तिचा काय उपयोग? (तेथून लढाऊ विमानेही उडतात, पण त्यांची गोष्ट निराळी.)

१९५२ साली जेम्स लाइटहिल या इंग्रज गणितज्ञाने दाखवून दिले, की जेटच्या झोताचा आवाज त्याच्या वेगाच्या आठव्या घाताप्रमाणे वाढतो. म्हणजे वेग निम्मा केला, तर आवाजाची शक्ती २५६ पटींनी घटते! आजच्या प्रवासी जेट विमानांच्या इंजिनांची तोंडे इतकी रुंद दिसतात, त्याचे एक कारण हेच. थोडी हवा जोराने फेकण्याऐवजी पुष्कळ हवा बेताने फेकावयाची. संशोधकांनी आपली बुद्धी आणि पैसा प्रथम येथे, आवाजाच्या उगमाशी, खर्चावा; केबिनमधील युक्त्या मागाहून, असे माझे मत आहे. रुंद इंजिन जड होते आणि हवेला अधिक अडते, ही अडचण मला ठाऊक आहे. परंतु त्यात इंधनाचीही बचत साधते, आणि विमानतळाजवळच्या वर्गात बाईंचे वाक्य अर्ध्यावर तुटण्याचे प्रसंग कमी होतात.