स्वमग्न मूल आणि उपचारांचा बाजार

सानपाड्याहून एका भगिनीचे पाच पानी पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळत आहोत. पती तुर्भ्याच्या बाजार समितीत माथाडी कामगार. त्या स्वतः पामबीच रस्त्यालगतच्या इमारतींत घरकाम करतात. मुलगा साडेतीन वर्षांचा. हाक मारली तर वळून पाहत नाही. 'आई' म्हणत नाही. तहान लागली की आईचा हात धरून माठाकडे ओढत नेतो. डब्यांची झाकणे तासन्‌तास फिरवत बसतो आणि कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून किंचाळतो. मोठ्या रुग्णालयात तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितले, ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता.

आता घरात चार मते झाली आहेत. सासूबाई म्हणतात, बाहेरचे काही असेल, अंगारा आणा. दिराने स्टेम सेल उपचाराचे माहितीपत्रक आणले आहे. एका खासगी केंद्राने आठवड्याला चाळीस तासांची थेरपी सांगितली आहे आणि अर्धवट घेतली तर उपयोग नाही असे बजावले आहे. शेजारीण म्हणते, मुलगे उशिराच बोलतात, थांबा. ताई विचारतात, ''गळ्यातले मोडू का? पतपेढीचे कर्ज काढू का? यातला कोणता उपचार खरा?''

प्रश्न एका घरचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एकजण स्वमग्न होता. आपल्या वस्त्यांत अशी मुले आहेतच. कोणी त्यांना 'येडं' म्हणते, कोणी 'मुकं' म्हणते आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून या पत्राचे उत्तर आम्ही सर्वांसाठी देत आहोत.

प्रथम ताईंच्या मनावरचे ओझे उतरवू. तू कामाला जातेस म्हणून पोर असे झाले, असे त्यांना ऐकावे लागते. हे साफ खोटे आहे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यानंतर बरीच वर्षे तिकडचे मोठमोठे तज्ज्ञदेखील आईच्या थंड वागण्याला दोष देत होते. पुढे संशोधनाने ते मत खोडून काढले. मेंदूची वाढच मुळात वेगळ्या रीतीने होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईच्या नोकरीमुळे, लसीमुळे किंवा कोणाच्या नजरेमुळे स्वमग्नता येत नाही.

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपण विहारात ऐकतो. परंपरेने आले म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नये; ती स्वतः तपासावी, हिताची ठरली तर स्वीकारावी. चारही मते याच कसोटीवर घासून पाहू.

अंगाऱ्याचे उत्तर आपल्या घरांत १९५६ सालीच दिले गेले आहे. तरी संकटात मन कच्चे होते, हे आम्ही जाणतो. सासूबाईंवर रागावू नका. नातवाच्या काळजीनेच त्या बोलतात. पण भूत काढण्याच्या नावाखाली मुलाला कोणी मारले, बांधले, तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, हे त्यांना समजावून सांगा.

स्टेम सेलविषयी डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने स्पष्ट मत दिले: ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, आणि त्याचा प्रचार किंवा जाहिरात करणे हे डॉक्टरी पेशातील गैरवर्तन समजले जाईल. लाखोंचे कर्ज काढून असले इंजेक्शन घेऊ नये. स्वमग्नता घालवणारे औषध आज जगात कोठेही नाही. जो 'पूर्ण बरा करून देतो' म्हणतो, त्याच्या दारातून तिथल्या तिथे परत फिरावे.

थांबा म्हणणाऱ्या शेजारणीचेही ऐकू नये. लहान वयात शिकवणे सुरू केलेले बरे. मात्र एक तपासणी राहिली असेल तर आधी ती करून घ्या. ती म्हणजे कानांची. मूल हाकेला वळत नाही याचे कारण कमी ऐकू येणे हेही असू शकते. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तेथे ही तपासणी होते.

राहिला चाळीस तासांचा प्रश्न. हा आकडा आला कोठून? लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इवार लोवास यांनी १९८७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९ लहान मुलांना दोन वर्षे किंवा अधिक काळ, आठवड्याला चाळीस तास शिकवले. त्यांतील ९ मुले साध्या शाळेची पहिली यत्ता पार करून गेली. एबीए नावाने चालणाऱ्या वर्तन-उपचाराचा यामुळे जगभर बोलबाला झाला. पण मुले होती १९, आणि त्या पद्धतीत मुलांवर ओरडणे व मांडीवर चापट मारणेही होते. लहानपणी अशा शिकवणीतून गेलेली कित्येक स्वमग्न माणसे आज मोठी होऊन सांगतात की, बळजबरीने डोळ्यांत पाहायला लावले, हात हलवू दिले नाहीत, त्याचा त्रास मनात राहून गेला. आज या पद्धतीचे चांगले शिक्षक खेळातून, प्रेमाने शिकवतात, हेही खरे. मात्र तास वाढवले की फायदा वाढतो, हे सिद्ध झालेले नाही. जवळपास दीडशे अभ्यास एकत्र करून २०२४ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली, तीत तासांचा आणि फायद्याचा असा संबंध आढळला नाही. तेव्हा चाळीस तास परवडत नाहीत म्हणून आपण लेकराचे नुकसान करतो आहोत, हा विचार ताईंनी मनातून काढून टाकावा.

इतर नावेही कानावर येतील. स्पीच थेरपी म्हणजे केवळ उच्चार नव्हेत. खुणेने, चित्राने, शब्दाने आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे, हे त्यात शिकवतात. चित्र दिले तर मूल बोलायचेच नाही, ही भीती खोटी ठरली आहे. ऑक्युपेशनल थेरपीत हातांची कामे, बटण लावणे, जेवणे, आवाज-स्पर्श सोसणे यांवर भर असतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९७२ साली सुरू झालेली 'टीच' पद्धत दिवसभराचे वेळापत्रक चित्रांनी मुलापुढे मांडते. एकीला धरले म्हणून दुसरीला सोडावे, असे यात काही नाही. मुलाला आज कशाची जास्त गरज आहे, ते पाहून सुरुवात ठरवावी. जे मूल अजून आपली गरज सांगू शकत नाही, त्याला आधी सांगण्याची वाट करून द्यावी. रंग, आकडे, एबीसीडी नंतर.

आणि ही वाट घरातूनच जाते. आपल्या शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात मोठे तज्ज्ञ मुलांना शिकवत नव्हते. थोडे प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते आईवडिलांना शिकवत होते. सहा महिन्यांत बारा बैठका. आई मुलाशी खेळते त्याचे चित्रण करायचे, ते तिलाच दाखवायचे आणि मूल काय सांगू पाहते ते तिला ओळखायला शिकवायचे. आईवडील मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून संवादाला अधिक सुरुवात करू लागली. सगळ्याच बाबतींत फरक पडला असे नाही. तरी गरिबाच्या घरात, कमी खर्चात हे होऊ शकते, एवढे त्यातून दिसले.

ताईंच्या घरचेच उदाहरण घेऊ. मुलगा हात धरून माठाकडे नेतो, हे त्याचे बोलणेच आहे. लगेच पाणी देऊ नका. पेला त्याला दिसेल असा धरा, ''पाणी'' एवढा एकच शब्द म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. त्याने पाहिले, बोट केले, पेल्याच्या चित्राला हात लावला, 'पा' म्हटले, काहीही केले तरी ताबडतोब पाणी द्या. काहीच केले नाही तरीही द्या. तहानलेले ठेवू नका. आजीने, बापाने, सर्वांनी तोच शब्द वापरावा, घरच्या मराठीतच. कुकर लावण्यापूर्वी त्याला दुसरीकडे न्या. आणि हे काम एकट्या आईचे नव्हे. पतीने कामावरून आल्यावर अर्धा तास मुलाजवळ जमिनीवर बसावे, तो झाकण फिरवतो तर आपणही फिरवावे.

कोणत्याही केंद्रात नाव घालण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा.

१) येत्या तीन महिन्यांत नेमके काय शिकवणार? लिहून द्याल काय?

२) मला आत बसू द्याल काय, आणि घरी काय करायचे ते शिकवाल काय? दार बंद करून आईला बाहेर बसवणारे केंद्र आपल्या कामाचे नाही.

३) मुलगा रडला, नको म्हणाला तर काय करता? मारणे, कोंडणे, खाणे तोडणे याला ठाम नकार द्या.

४) शिकवणाऱ्याचे शिक्षण काय? विशेष शिक्षक आणि स्पीच थेरपिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते.

५) हा खर्च आमच्या मिळकतीत दोन वर्षे झेपेल काय? सहा महिन्यांत कर्जाने थांबणाऱ्या महागड्या उपचारापेक्षा आठवड्यातून एकदा मिळणारा आणि रोज घरी चालणारा उपचार चांगला.

ताईंना दूर जायचेही कारण नाही. सानपाड्याच्या पुढच्याच स्टेशनला, वाशीत, नवी मुंबई महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठीचे शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र आहे. 'ईटीसी' म्हणून विचारले की लोक सांगतात. खारघरला बौद्धिक दिव्यांगजनांच्या राष्ट्रीय संस्थेचे विभागीय केंद्र आहे. प्रथम या दोन ठिकाणी जावे, प्रवेशाचे नियम समक्ष विचारावेत. रांग असली तर नाव नोंदवून घरचे शिकवणे त्याच दिवसापासून सुरू करावे.

कागदपत्रेही लावून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा अधिक ठरले, तर सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड करून घ्यावे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण आहे, त्यात थेरपीचाही खर्च धरतात. हा आपला हक्क आहे. तो मागताना संकोच कशाचा?

तेव्हा ताई, गळ्यातले मोडू नका. चाळीस तासांचे कर्जही काढू नका.

शेवटी दोन शब्द आपल्या समाजासाठी. आमच्या माहितीतील कित्येक आईबाप असे मूल घेऊन विहारात यायचे टाळतात. मूल वंदनेच्या वेळी धावते, ओरडते आणि चार माना वळतात. त्या माना वळू नयेत. दाराजवळची जागा त्यांना मोकळी ठेवा, ध्वनिक्षेपकाचा आवाज थोडा कमी करा, मुलाला नावाने हाक मारा. विहाराच्या महिला मंडळाने अशा मातांची महिन्यातून एक बैठक घेतली, तर एकीला कळलेले दहाजणींना कळेल. वस्तीतील एखाद्या शिकलेल्या मुलीने प्रमाणपत्राचे अर्ज भरून द्यावेत. याला देणगी लागत नाही, रविवारचा एक तास लागतो.

पुढील अंकी अशा मुलांच्या शाळाप्रवेशाविषयी लिहू. पालकांनी आपले अनुभव जरूर कळवावेत. जय भीम!