मृगाआधी कंडेन्सर बदला

चंद्रपूरहून मोहर्लीला निघालेला रस्ता दुर्गापूरच्या कोळसा खाणी मागे टाकतो, पद्मापूर ओलांडतो आणि आगरझरीच्या आसपास दोन्ही अंगांनी जंगल घेऊन चालू लागतो. पर्यटकांच्या गाड्या पहाटे याच रस्त्याने ताडोबाच्या फाटकाकडे धावतात, आणि गावची माणसं आपल्या कामासाठी याच रस्त्याने दुचाकीवर ये-जा करतात. त्यात अजूनही एखादी राजदूत, एखादी येझदी, एखादी जुनी बुलेट असते. या पट्ट्यात रस्त्यावर वाघ दिसला तर कुणाला फारसं नवल वाटत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर असताना इथे फटफटी बंद पडली, तर माणूस ऐन उन्हात, जंगलात एकटा उभा राहतो. म्हणून या भागात जुन्या गाडीची ठिणगी जपणं हे हौसेच्या पलीकडचं काम आहे. गाडी बंद पडायची वाट न पाहता ते काम ठरल्या वेळी व्हायला हवं.

होतं मात्र वेगळंच. गाडी सकाळी पहिल्या किकला सुरू होते, वीस-पंचवीस किलोमीटर गुमान चालते, मग मिसिंग करू लागते, सायलेन्सरमधून फटाके फुटतात आणि इंजिन बंद. मालक कार्बोरेटर खोलतो, जेट फुंकतो, सगळं पुन्हा जोडतो. गाडी सुरू! पेट्रोलमध्ये कचरा होता, असा निष्कर्ष निघतो. पण त्या अर्ध्या तासात इंजिन थंड झालेलं असतं आणि त्याच्यासोबत कंडेन्सर आणि कॉइलही. श्रेय कार्बोरेटरला मिळतं, दुखणं जिथल्या तिथे राहतं, आणि पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा तशीच थांबते.

या गाड्यांची रचना समजून घेतली की दुखण्याची जागा सापडते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारी इग्निशन बसवली आणि १९१०च्या कॅडिलॅक मोटारीत ती रस्त्यावर आली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची येझदी आणि मद्रासची बुलेट त्याच तत्त्वावर चालत राहिल्या. एस्कॉर्ट्सच्या राजदूतमध्ये वीज फ्लायव्हील मॅग्नेटोतून येते, पण ठिणगी पाडायला पॉइंट आणि कंडेन्सर तिथेही लागतातच. पॉइंट बंद असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो. ते उघडले की प्रवाह एकदम तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळून प्लगवर ठिणगी पडते. टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल, तर हे एका सेकंदात ७५ वेळा घडतं.

या उघडझापीत सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे कंडेन्सर. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मामा तलावाला जसा सांडवा, तसा पॉइंटला कंडेन्सर. उसळलेल्या विजेला वाट मिळते, म्हणून पॉइंटवर जाळ होत नाही आणि प्रवाह झटक्यात तुटतो. त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड. जुन्या कंडेन्सरमध्ये धातूच्या पातळ पत्र्यांमध्ये कागदाचा थर असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि ओलाव्याने तो कागद कमजोर होतो आणि गरम झाल्यावर वीज गळू लागते. थंड असताना मीटरवर तो ठणठणीत दिसतो, म्हणून तपासणीत सुटून जातो.

इथे हौशी मंडळींच्या एका समजुतीला विरोध करायला हवा. तीस-चाळीस वर्षं डबाबंद पडून राहिलेला 'जुना स्टॉक' कंडेन्सर मिळाला की खजिना सापडल्यासारखा आनंद होतो. पॉइंट असतील तर तो आनंद रास्त आहे. त्यांवरचा गंज पुसला की ते चालतात. कंडेन्सर मात्र डब्यातही म्हातारा होतो. त्यापेक्षा आजचा, चांगल्या प्रतीचा, पुरेशा व्होल्टेजचा फिल्म कंडेन्सर घ्यावा आणि शक्य असेल तिथे तो इंजिनाच्या धगीपासून दूर बसवावा. जागा बदलली तरी त्याचं काम बदलत नाही.

पॉइंटचं म्हातारपण वेगळ्या वाटेने येतं. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, तसतशी गॅप कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. गाडी ओढत नाही, इंजिन जास्त तापतं, आणि त्या तापाने कंडेन्सर आणखी लवकर जातो. बुलेटमध्ये ही गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. पण पॉलिश पेपरने पॉइंट घासायचे आणि डोळ्यांच्या अंदाजाने गॅप लावायची, ही सवय अनेक गॅरेजांत आहे. फिलर गेजला फार पैसे पडत नाहीत. गॅप लावल्यावर टायमिंग पुन्हा बघणं आणि कॅमजवळच्या फेल्टला ग्रीसचं बोट लावणं, ही दोन कामं टाळली तर नवे पॉइंटही लवकरच जुन्या वाटेने जातात.

सहा व्होल्टच्या गाडीत वायरिंगही तितकीच महत्त्वाची. चावीचा स्विच झिजला, अर्थिंगच्या बोल्टखाली गंज चढला आणि वाटेत अर्धा व्होल्ट गेला, तर एकूण दाबाचा बारावा हिस्सा गेला. पावसाळ्यात दोष दाखवते ती प्लगची जाड वायर. तिचं रबर तडकलं की ओलाव्यातून वीज बाहेर उडी मारते. अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिलं तर या निळ्या ठिणग्या डोळ्यांना दिसतात.

मग इलेक्ट्रॉनिक इग्निशन का बसवू नये? रोजच्या कामाच्या गाडीला जरूर बसवावी. १९८५मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १००ने पॉइंटची कटकट संपवली आणि इग्निशनवर वारंवार हात ठेवावा लागत नाही, हे गावोगावच्या लोकांना दाखवून दिलं. जंगलातून रोज जाणाऱ्याने गाडीच्या अस्सलपणासाठी जीव धोक्यात घालावा, असा आग्रह कुणी धरू नये. सावधगिरी एवढीच की इलेक्ट्रॉनिक युनिट गेलं तर रस्त्यावर दुरुस्त होत नाही. म्हणून काढलेली पॉइंटची प्लेट आणि एक चालू कंडेन्सर घरात जपून ठेवावा.

संग्रहातल्या गाडीचं गणित निराळं. २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही, आणि अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तिथे पॉइंट टिकवणं योग्यच. पण मोहर्लीच्या परिसरातली सत्तर-ऐंशीच्या दशकातली गाडी संग्रहासाठी उभी नसते, ती पोट भरण्यासाठी धावते. तिच्या मालकाला सुट्या भागांची आणि हाताला सवय असलेल्या मिस्त्रीची गरज आहे. आयडियल जावा १९९६मध्ये बंद पडली. २०२२मध्ये येझदी हे नाव परत आलं, पण त्या नव्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचे भाग जुन्या येझदीला लागत नाहीत.

भाग आणि मिस्त्री सहज मिळेपर्यंत मालकाने स्वतः करायचं ते सोपं आहे. गाडी गरम होऊन थांबली की कार्बोरेटरला हात लावण्याआधी टाकीचं झाकण सैल करून पाहावं, कारण हवेचं छिद्र बुजलं तरी पेट्रोल अडतं. मग लगेच, गाडी गरम असतानाच, प्लगची टोपी एका चांगल्या प्लगवर चढवून, तो पेट्रोलपासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारावी. ठिणगी निळी आणि जाड असेल तर दोष दुसरीकडे शोधावा. ती पिवळी, बारीक किंवा रुसलेली असेल तर कंडेन्सर आणि कॉइल पकडावी.

आणि वर्षातून दोनदा, होळीच्या सुमाराला उन्हाळ्याआधी आणि मृग लागण्याआधी, पॉइंट, कंडेन्सर, वायर आणि अर्थिंग बघून घ्यावं. दोष असो वा नसो, कंडेन्सर ठरावीक काळाने बदलावा. आयटीआयच्या दुचाकी दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांना घेऊन पद्मापूर, आगरझरी, मोहर्ली या गावांत मे महिन्याच्या अखेरीस एक दिवसाचं तपासणी शिबिर भरवायला फार खर्च येणार नाही. एक फिलर गेज, काही कंडेन्सर, वायरचं एक बंडल आणि जुन्या गाड्या हाताळलेला एखादा मिस्त्री एवढी तयारी पुरते. जिल्ह्यातल्या आयटीआयने आणि वाहन संघटनांनी ते याच वर्षी हाती घ्यावं.