जगापासून वेगळं म्हणजे काय?

ख्रिस्ती पालक विचारतात, "सर, पोरांना जगापासून वेगळं कसं ठेवायचं?" मी त्यांना रेव्ह. ना. वा. टिळकांचं उदाहरण देतो. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. पगाराचा आधार सोडला, पण अभंग, कीर्तन आणि आपली माणसं सोडली नाहीत. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही दरबारात जागा होती.

आपल्या कोल्हापुरात मात्र कधीकधी उलटं दिसतं. स्नेहसंमेलनातल्या लेझीम पथकातून पोराचं नाव काढायला लावतात (लेझमीत कसला आलाय अधर्म?), आणि तेच पोरगं कॉपी करून पास झालं की पेढे! १८५२ ला इथं आलेल्या वाइल्डर साहेबांच्या शाळेत हिंदू मुलंही शिकली. पोराला लेझीम खेळू द्या. कॉपीची चिठ्ठी पुढं आली तर 'नको' म्हणायला शिकवा. गुण कमी पडले तर त्याला रागावू नका.