वेळ अमावास्या : पंगत एक, बांध अनेक

डिसेंबर संपत आला की ख्रिस्ती कुटुंबे, कितीही विखुरलेली असली तरी, नाताळासाठी वडीलधाऱ्यांच्या घरी एकत्र येतात. जवळजवळ त्याच दिवसांत ढोकीची कुटुंबेही परततात. मात्र त्यांचे परतणे घरापाशी थांबत नाही, ते शेतापर्यंत जाते. मार्गशीर्ष वद्य अमावास्या, म्हणजे आपली वेळ अमावास्या, बोलीतील येळवस, हा लातूर-धाराशिव भागाचा जिव्हाळ्याचा सण होय. दिवाळीस न आलेला मुलगा एक वेळ क्षम्य ठरतो. येळवशीस न आलेला आईच्या मनाला लागतो. सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीकडे हिलाच एळ्ळ अमावास्या, तिळांची अमावास्या, म्हणतात. आणि आपल्या ताटातही त्या दिवशी तिळाची पोळी असतेच.

विधी साधा आहे. शेतात कडब्याची कोप उभारावी, तिच्यात चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडावेत, वर शाल पांघरावी, काळ्या आईची ओटी भरावी. ज्वारीच्या पिठाचे ताकातील आंबील, नाना प्रकारच्या शेंगा-दाण्यांची व पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर हा नैवेद्य. मग आंबील पिकावर शिंपडत शेताला फेरी, आणि त्यानंतर पंगत. ज्यास शेत नाही तो शेजाऱ्याच्या कोपीपाशी जेवतो. वाटेने जाणाऱ्यासही हाक मारून बसविले जाते. आंबिलाचे मडके डोक्यावर घेऊन शेताकडे निघालेल्या बायका पाहिल्या, की जवळच्या तेरच्या गोरोबाकाकांची आठवण आम्हांस हटकून होते. आता बऱ्याच ठिकाणी मडक्याच्या जागी स्टीलची घागर आली आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. काळजी वाटते ती घागरीत जे असते त्याविषयी.

कारण या सणाचे सारे साहित्य शेतातूनच यावे अशी त्याची रचना आहे. कोप ज्वारीची, आंबील ज्वारीचे. पूर्वी पावसाळाभर रान मोकळे ठेवून रब्बीला ज्वारी पेरीत. घरास भाकरी, बैलास कडबा. आता खरिपात सोयाबीन आणि मागाहून हरभरा, पाणी असेल तेथे ऊस, असा क्रम बसला आहे. शेतकऱ्यास दोष कसा द्यावा? २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा आधारभूत भाव क्विंटलला ५,३२८ रुपये, मालदांडी ज्वारीचा ३,७४९. बाजारात सोयाबीनला आधारभूत भाव मिळतोच असे नाही, ही गोष्ट निराळी. शिवाय ज्वारी हाताने उपटावयाची, त्यास मजूर नाहीत. नांगराला ट्रॅक्टर आल्यामुळे बैल गेले, आणि बैल गेल्यावर कडब्याची घरची गरजही गेली. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. सभा झाल्या, भाषणे झाली. पण कोपीसाठी पेंढ्या मागून आणाव्या लागाव्यात, ही वेळ त्याने टळली नाही.

दुसरा प्रश्न याहून नाजूक, म्हणून घरोघरी तो दबक्या आवाजातच बोलला जातो. तीन भावांत वाटण्या झाल्या, बांध पडले. आता कोप कोणाच्या तुकड्यात? काही घरांनी पाळी लावली आहे. काही घरांत, आजोबांनी जेथे पांडव मांडले तेथेच, तो तुकडा कोणाच्याही वाट्याला गेलेला असो, सारे जमतात. आणि काही घरांत तीन कोपी उभ्या राहतात, तीन चुलींवर भज्जी शिजते. ज्याने वाटा विकला त्याची मुले कोणत्या बांधावर बसणार, याचे उत्तर सातबारावर सापडत नाही. आमचे मत असे की जमीन वाटावी, पांडव वाटू नयेत. हे सांगणे सोपे आहे, हेही आम्ही जाणतो. भावकीत अबोला असेल तर एका पंगतीस बसणे म्हणजे काय, हे बसणाऱ्यालाच ठाऊक.

ज्यांच्यापुढे हा प्रश्नही उभा राहत नाही, अशीही कुटुंबे आपल्या जिल्ह्यात आहेत. ऊसतोडीस गेलेल्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. त्यांची अमावास्या परक्या फडात जाते. ढोकीचा तेरणा कारखाना अनेक हंगाम बंद राहिला, तेव्हा गावातल्या हातांनाही काम शोधीत बाहेर पडणे भाग होते.

जे पुण्या-मुंबईस नोकरीत आहेत त्यांची अडचण निराळी. जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी दिली जाते. शहरातील कचेरीस अमावास्या ठाऊक नसते, नाताळ ठाऊक असतो. आणि आपली तिथी तर फिरती. २०२४ या एकाच इसवी सनात ती दोनदा आली, ११ जानेवारीस आणि ३० डिसेंबरास. २०२५ मध्ये १९ डिसेंबरास आली, तीही सप्टेंबरातील अतिवृष्टीने जिल्ह्यातील सोयाबीन पाण्यात घातल्यानंतर. पंचांग वर्षाआधी मिळते. तेव्हा रजेचा अर्ज गणपतीच्या सुमारासच करून ठेवावा. गावी राहिलेल्यांनी सोयाबीन निघाल्यावर हस्तात बांधालगत ज्वारीची दोन-चार तासे तरी पेरावीत. तेवढ्या कडब्यात एक कोप होते.