दोन इंच रिमचे, दुखणे कमरेचे

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधील ग्राहकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीझ गाड्या एकदम विकत घेतल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या खरेदीची चर्चा देशभर झाली. महागडी गाडी ही केवळ मुंबई-पुण्याची मिरास नाही, हे मराठवाड्याने तेव्हाच दाखवून दिले. आता अशी गाडी तालुक्याच्या गावातही नवलाची राहिलेली नाही. गाडी घेताना किमतीवर घासाघीस होते, व्याजदरावर होते, सोबत फुकट काय मिळणार यावरही होते. पण टायर कोणत्या मापाचा, सस्पेन्शन मऊ की कडक, मागच्या आसनावर तीनशे किलोमीटर बसवेल का, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. ज्या भागात गाडी दवाखान्यासाठी दूरच्या शहरात न्यावी लागते, तिथे हे प्रश्न चैनीचे नाहीत, आरोग्याचे आहेत.

धारूरचेच पाहा. बालाघाटाच्या माथ्यावर वसलेल्या या किल्ल्याच्या गावातून खामगाव-पंढरपूर राष्ट्रीय महामार्ग जातो. तेलगावच्या बाजूला उतरताना धारूरचा अरुंद, वळणांचा घाट लागतो. साध्या उपचारांसाठी अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी किंवा खास तपासणीसाठी मात्र लातूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर नाही तर पुणे गाठावे लागते. पुण्याचे एकेरी अंतरच पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर. म्हणजे घरातील सर्वांत तरुण माणसाच्या पसंतीने घेतलेल्या गाडीत सर्वांत लांबचा प्रवास बहुतेकदा सर्वांत वयस्कर माणूस करतो, आणि तोही दुखऱ्या पाठीने, मागच्या आसनावर. ‘स्पोर्टी’ सेडान घेण्यात काही गैर नाही. पण तिचे पर्याय निवडताना या प्रवाशाचा विचार आधी व्हायला हवा.

सुरुवात चाकापासून करावी. एकाच जातीच्या गाडीला वेगवेगळ्या मापांची चाके मिळतात. २०५/५५ आर १६ या टायरची बाजूची भिंत सुमारे ११३ मिलिमीटर उंच असते. २२५/४५ आर १७ मध्ये ती १०१ वर येते आणि २२५/४० आर १८ मध्ये अवघी ९० उरते. तिन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६३ ते ६४ सेंटिमीटर. रिम दोन इंचांनी वाढली म्हणून गाडी उंच होत नाही, खड्डा झेलणारी हवेची गादी तेवढी पातळ होते. मोठी रिम सहसा जडही असते. रस्त्याबरोबर वर-खाली होणारे हे वजन जितके जास्त, तितके सस्पेन्शनला खड्ड्यामागून खड्डा सावरणे अवघड जाते. शिवाय रुंद टायर वाऱ्याला अडवतो, महाग पडतो आणि खड्ड्यात आदळला की रिम वाकण्याची किंवा टायरच्या भिंतीला फुगा येण्याची भीती वाढते. दिसायला कमी रुबाबदार असलेली लहान रिम आराम, इंधन आणि खर्च या तिन्ही बाबतींत सरस ठरते.

यात आरोग्याचा भाग असा. बसलेल्या माणसाचे धड साधारण सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक साथ देते. या टप्प्यातील हादरे मणक्याजवळ पोहोचेपर्यंत विरत नाहीत, उलट वाढतात. सतत वाहन चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखीचे प्रमाण जास्त आढळते, त्यामागे बराच वेळ एका जागी बसणे आणि ही कंपने ही दोन्ही कारणे सांगितली जातात. ठिसूळ हाडांच्या वृद्धांना तर एकच जोराचा धक्का मणक्याला महागात पडू शकतो. म्हणून ‘स्पोर्ट’ नावाचे कडक, गाडी आणखी खाली आणणारे सस्पेन्शन लांब पल्ल्यासाठी टाळावे. परवडत असेल तर कडकपणा बदलता येणारे सस्पेन्शन घ्यावे आणि घरची माणसे बरोबर असताना ते ‘कम्फर्ट’वरच ठेवावे. चार माणसे आणि सामान भरल्यावर गाडी आणखी खाली बसते, हेही खरेदीच्या वेळी आठवावे. दालनात रिकाम्या गाडीची जी उंची दिसते, ती गावच्या गतिरोधकावर मिळत नाही.

आसनाबाबतही तेच. दोन्ही कडा उचललेली खोलगट आसने वळणावर शरीर धरून ठेवतात खरी, पण गुडघेदुखीच्या माणसाला त्यांतून उठणे जड जाते. कमरेला आधार देणारी, उंची आणि मांडीखालचा आधार बदलता येणारी आसने ही खरी कामाची सोय. पाठ काटकोनात ताठ न ठेवता १०० ते ११० अंशांपर्यंत मागे रेलली आणि कमरेच्या पोकळीत आधार असला, की मणक्यांमधील चकत्यांवरचा भार हलका होतो. मराठवाड्याच्या उन्हात काळे चामडे आणि काचेचे मोठे छत यांपेक्षा फिकट रंग, मागच्या काचांचे पडदे आणि हवेशीर आसने अधिक उपयोगाची. एसीची हवा आतल्या आत फिरवत ठेवली तर बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड भराभर वाढतो आणि चालकाला जडपणा येतो. अधूनमधून बाहेरची हवा आत घेण्याचे बटण दाबायला पैसे पडत नाहीत.

हवेच्या दाबाबाबत तर गैरसमजांचा सुकाळ आहे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त घुसळतो, जास्त तापतो आणि म्हणूनच फुटतो. शिवाय इंधनही जास्त खातो. सकाळी २५ अंशांना भरलेला ३२ पीएसआयचा दाब टायर ६५ अंशांपर्यंत तापल्यावर साधारण ३८ होतो. ही वाढ निर्मात्याने गृहीत धरलेली असते. तेव्हा गरम टायरमधून हवा सोडू नये. दाब थंड टायरमध्येच मोजावा आणि चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेला आकडा पाळावा. टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार अंकही वाचावेत. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर भरवशाचा नसतो.

स्टेपनीचा प्रश्न त्याहून नाजूक. टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर बुजवण्याचा संच दिला, तर गाडीत जादा चाक नसले तरी चालेल, अशी मुभा २०२० पासून नियमाने मिळाली आहे. अनेक महागड्या गाड्यांत पंक्चर झाल्यावरही काही अंतर धावणारे टायर असतात, पण त्यांची भिंत जाड आणि कडक असल्याने हादरे वाढतात. पंक्चर बुजवण्याचे द्रव खिळ्याचे छिद्र बुजवते. दगडाने फाटलेली भिंत त्याने सांधत नाही. रात्री घाटात रुग्णाला घेऊन उभे राहण्याची वेळ आली, तर डिकीतील साधे, सडपातळ जादा चाकच कामी येते. पर्याय म्हणून मिळत असेल तर ते आवर्जून मागावे.

राहिला इंधनाचा हिशेब. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेल्यास तो ५६ टक्क्यांनी वाढतो आणि १२० ला सव्वादोन पट होतो. शंभर किलोमीटरच्या अंतरात ८० ऐवजी १०० चा वेग ठेवून पंधरा मिनिटे वाचतात. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि तिथे सपाट भागात ताशी १२० ची मर्यादा आहे. पण मर्यादा म्हणजे उद्दिष्ट नव्हे. सेडानचा बांधा मुळातच बुटका आणि वारा कापणारा असतो. एसयूव्हीपेक्षा तिला मिळालेला हा फायदा छतावर सामानाचा सांगाडा बसवून किंवा उगाच वेग वाढवून घालवू नये. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणे हीदेखील खोटी बचत आहे. गिअरमध्ये उतरणाऱ्या आधुनिक गाडीत पाय उचलला की इंजिनाचा इंधनपुरवठा जवळपास थांबतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतेच. वर इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ लागतात.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. त्यातला वाटा बीडच्या मजुरांनी तोडलेल्या उसाचाही आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने मायलेजमध्ये थोडी घट येणार, हे गृहीत धरावे. आयात केलेली किंवा जुनी गाडी घेताना ती या मिश्रणाला चालते का, हे पुस्तिकेत तपासूनच पैसे मोजावेत.

कितीही उत्तम गाडी निवडली तरी शरीराचे नियम बदलत नाहीत. चार तास किंवा त्याहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासाने पायाच्या खोल नसांत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संशोधनातून पुढे आले. हे विमानापुरते नाही, मोटारीलाही लागू आहे. एरवी हा धोका फार थोडा असतो. पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, गरोदर किंवा कर्करोगाच्या रुग्णांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. दर दोन तासांनी थांबून चार पावले चालणे आणि लघवीच्या अडचणीमुळे पाणी टाळण्याची सवय सोडणे, हे सर्वांसाठीच. पहाटे दोन ते सहा ही झोपेची वेळ. ताशी १०० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी ११० मीटर आंधळी धावते, आणि ऊसतोडीच्या हंगामात त्या ११० मीटरांत दिवा नसलेली ट्रॉली उभी असू शकते. सकाळी आठची तपासणी असेल तर आदल्या दिवशी निघणेच शहाणपणाचे.

सगळा भार ग्राहकावर टाकूनही चालणार नाही. विक्रेत्यांनी चाचणी फेरी शहराच्या गुळगुळीत रस्त्यावर न देता खराब रस्त्यावरही द्यावी, घरातल्या ज्येष्ठाला मागे बसवून द्यावी आणि लहान रिमचा पर्याय स्वतःहून दाखवावा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापदंडानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे हळूहळू चढणारा असावा. गावोगावी दिसणारे अचानक उठलेले उंचवटे या मापात बसत नाहीत. ते गाडीचा तळ घासतात आणि रुग्णाची कंबर मोडतात, मग ती रुग्णवाहिका असो, एसटी असो की सेडान. धारूर घाटाच्या रुंदीकरणाची मागणीही याच यादीत येते.

तोवर खरेदीदाराच्या हाती एक गोष्ट आहे. बुकिंगच्या कागदावर सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांत दुखऱ्या पाठीच्या माणसाला मागच्या आसनावर अर्धा तास बसवून पाहावे. गाडी कोणती घ्यायची, हे मग विक्रेत्याला विचारावे लागणार नाही.