गाडीची हनुवटी आणि गल्लीतला गतिरोधक



आपल्या शहराने गाड्यांचे कौतुक पुष्कळ पाहिले आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीझ गाड्या घेतल्या, तेव्हा सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या व्यवहाराची आणि स्टेट बँकेने दिलेल्या ७ टक्के दराच्या कर्जाची चर्चा देशभर झाली. मी तेव्हा बँकेच्या नोकरीत होतो. कर्जाच्या दरावर आम्हीही चहाच्या वेळी बोलत असू. परंतु त्या गाड्या ज्या रस्त्यांवरून धावणार होत्या, त्यांचा विषय निघाल्याचे मला स्मरत नाही. तो विषय निघाला तो अलीकडे, आणि तोही घरातूनच.

माझा भाचा आमच्याच गल्लीत राहतो. कापडाच्या दुकानात दहा वर्षे राबून त्याने दोन दारांची, जुनी परंतु सुस्थितीतील स्पोर्ट्स कार घेतली. तिसऱ्याच दिवशी तो हातात कागद घेऊन आला. गल्लीतल्या गतिरोधकाला घासून पुढच्या बंपरची खालची कड दोन ठिकाणी सोलवटली होती. "मामा, हा गतिरोधक काढण्याचा अर्ज. कॉलनीचे सचिव म्हणून पहिली सही तुमची हवी."

तो गतिरोधक का झाला, हे मला ठाऊक होते. चार वर्षांपूर्वी शेजारची सहा वर्षांची मुलगी शिकवणीहून परतताना एका भरधाव मोटारसायकलने तिला उडवले. पाय मोडला, दोन महिने ती अंथरुणावर होती. त्यानंतर आम्ही वर्गणी काढून, कोणालाही न विचारता, डांबराचा एक उंचवटा घालून घेतला होता. मी सही केली नाही. नकारही दिला नाही. कागदावर शेरा मारण्यापूर्वी जागेची पाहणी करावी, ही बँकेतली सवय. रविवारी सकाळी टेप घेऊन आम्ही दोघे खाली उतरलो.

गाडीची हनुवटी, म्हणजे बंपरची खालची कड, जमिनीपासून १२ सेंटिमीटर उंच भरली आणि चाक जमिनीला टेकते तेथून सुमारे एक मीटर पुढे. गतिरोधक १४ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद. चाक उंचवट्यावर चढून गाडीचे नाक उचलण्याआधीच हनुवटी त्यावर आदळणार, हे उघड होते. येथे वेग कमी करूनही उपयोग नव्हता.

इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाची मापे ठरवून दिलेली आहेत. गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची असावी आणि तो ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने ओलांडता यावा, असे ते माप आहे. त्यावर रंगाचे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलकही हवा. मी वहीत हिशेब मांडला. अशा गतिरोधकाच्या पायथ्याशी चाक असताना एक मीटर पुढे त्याची उंची सुमारे ८ सेंटिमीटर येते. म्हणजे हनुवटीखाली ४ सेंटिमीटर मोकळी राहतात. भाच्याची गाडी सुटते आणि मोटारसायकलचा वेगही आटोक्यात राहतो.

आपल्या अनेक घरांतील तरुण मंडळी अशा गाड्या घेऊ लागली आहेत, म्हणून काही व्यावहारिक गोष्टी येथे नोंदवतो. दुकानाच्या तळघराचा उतार किंवा पेट्रोल पंपाचा चढ तीव्र असेल, तर गाडी तिरकी घ्यावी. एक चाक आधी चढते व त्या बाजूची हनुवटी वेळेवर उचलली जाते. मात्र मागून दुचाकी येत नाही, हे आधी पाहावे. उंचवट्यापूर्वीच वेग कमी करून ब्रेक सोडावा; ब्रेक दाबलेला असताना नाक आणखी खाली झुकते. पार्किंगमध्ये गाडी मागे घेत लावावी, म्हणजे ठोकळ्याला किंवा फुटपाथच्या कडेला हनुवटी लागत नाही. पोर्शे ९११ सारख्या काही गाड्यांत पुढचा भाग सुमारे ४० मिलिमीटर उचलणारी यंत्रणा घेता येते. नवी गाडी घेणाऱ्याने चामड्याच्या आसनांआधी तिची चौकशी करावी.

भाचा म्हणाला, "मामा, पीपीएफ करून घेऊ का?" माझ्या डोळ्यांपुढे १५ वर्षांचे पोस्टातले खातेच आले! गाडीचे पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. उडणाऱ्या खड्यांपासून आणि बारीक ओरखड्यांपासून ती रंग वाचवते. परंतु डांबरावर आदळणारी कड वाचवत नाही. त्यासाठी हनुवटीखाली बसवायची रबरी पट्टी बरी. ती घासते, झिजते आणि बदलता येते.

आता विमा. "विमा आहे ना," हे वाक्य मी आयुष्यभर कर्जदारांकडून ऐकले. बंपर प्लास्टिकचा असतो आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो. समजा, बंपर ८०,००० रुपयांचा आहे. निम्मे गेले, १५०० सीसीवरील गाडीला सक्तीची २,००० रुपयांची कपात आणखी, हाती ३८,०००. परंतु दावा केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. तो २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५० टक्क्यांवर यायला पाच वर्षे विनादाव्याची जावी लागतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम वर्षाला ६०,००० धरला व तो तेवढाच राहिला असे मानले, तर या पाच वर्षांत ७५,००० रुपयांची सवलत जाते. शून्य घसाऱ्याची जोड असली तरी ७८,००० मिळवून ७५,००० गमवायचे! प्रीमियम दरवर्षी थोडा उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी भरेल. तरीही लहान घासाघाशीसाठी दावा करण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा. बोनस राखण्याची वेगळी जोड घेतली असेल, तर तिच्या अटी वाचाव्यात.

भाच्याने हा हिशेब मुकाट्याने वाचला. मग त्याने विचारले, "त्या मुलीला लागले तेव्हा मी सुरतेला होतो ना?" मी मान हलवली. त्याने आपला अर्ज घडी करून खिशात ठेवला.

नवा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला. आमचा उंचवटा विनापरवाना आहे, हे त्यात कबूल केले आणि त्याच्या जागी नियमाच्या मापाचा, रंगाच्या पट्ट्यांचा गतिरोधक मागितला. सोबतचा नकाशा भाच्याने काढला. अर्ज महापालिकेत दिला आहे. उत्तराची वाट पाहतो आहोत. तोवर तो गल्लीच्या मागच्या तोंडाने, वळसा घालून गाडी आणतो.

अर्जावरची पहिली सही त्या मुलीच्या आजीची आहे, दुसरी भाच्याची. माझी तिसरी.